स्टंपांशिवाय यष्टिरक्षण

हॉलंडला तीन महिने राहून एकही ट्युलिप न पाहता परत आलेला सांगलीतला मी एकमेव माणूस असावा. लोक विचारतात, काय काय पाहिलंत? मी म्हणतो, भाचा पाहिला. त्यावर लोक हसतात, पण मी थट्टा करत नसतो. गेलो होतो तीन आठवड्यांसाठी, मार्चच्या सुरुवातीला. फुलांच्या बागेची तिकिटं धाकट्या बहिणीने, मेधाने, आधीच काढून ठेवली होती. बाग उघडण्याआधीच तो विषाणू उघडला आणि बाग, शाळा, हॉटेलं, विमानं सगळं एकेक करून बंद झालं. सांगलीतलं माझं खेळाच्या सामानाचं दुकानही बंद. बायको फोनवर म्हणाली, "तिथेच राहा आता, इथे तरी काय दिवे लावणार होतात?"

मेधा आणि तिचा नवरा समीर अ‍ॅमस्टेलव्हीनला राहतात. अ‍ॅमस्टरडॅमला चिकटूनच हे गाव. इथे इतके भारतीय आहेत की भाजी घेताना "जरा बाजूला व्हा" असं मराठीतून ऐकू येतं. समीर तिथल्या एका बँकेचं सॉफ्टवेअर सांभाळतो. घर चिंचोळं, तीन मजली, आणि जिना असा उभा की मी पहिला आठवडा तो उलटा उतरलो, आपण माळ्यावरून उतरतो तसा. खिडक्या मोठ्या आणि पडदे कुणी लावत नाही. समोरच्या घरातल्या आजीबाई काय जेवतात ते आम्हाला दिसायचं आणि आम्ही काय जेवतो ते त्यांना. संध्याकाळी सहाला त्या उकडलेला बटाटा खायच्या आणि आम्ही साडेआठला वरणभात. आम्ही अजून जेवलो नाही याची त्यांना काळजी वाटायची, असं मेधा सांगे.

मी गेलो तेव्हा भाचा घरी नव्हता. ईशान एकोणीस वर्षांचा, जन्माने तिथलाच. मराठी सगळं समजतं, बोलायची वेळ आली की अर्ध्यात इंग्रजी येतं आणि राग आला की डच. हा मुलगा बेसबॉल खेळतो. आठव्या वर्षी शाळेमागच्या मैदानावर खेळायला लागला, कारण क्रिकेटचं मैदान लांब होतं आणि समीरकडे तेव्हा गाडी नव्हती. सतराव्या वर्षी एका अमेरिकन क्लबने त्याच्याशी करार केला. मेधाने ते फोनवर सांगितलं तेव्हा आम्ही सांगलीत पेढे वाटले होते आणि काय म्हणून वाटतोय हे कुणालाच नीट सांगता आलं नव्हतं.

मला समीरने समजावलं ते असं. टीव्हीवर दिसतो तो मोठा संघ. त्याच्याखाली पायऱ्यांसारखे लहान लहान संघ, आणि सगळ्यात खालच्या पायरीवर ईशानसारखी पोरं, अनेक देशांतून गोळा केलेली. ईशान चेंडू फेकणारा, त्याला पिचर म्हणतात. त्या पोरांना पायरी पायरीने वर चढवत नेतात, त्याला ते 'डेव्हलपमेंट' म्हणतात. बहुतेक जण वर पोचतच नाहीत. मधेच एक फोन येतो, दोन मिनिटांचा, आणि सोडून देतात.

"म्हणजे नापास?" मी विचारलं.

"नापास नाही हो दादा. रिलीज."

मला फरक कळला नाही.

मार्चच्या मध्यावर अमेरिकेतलं शिबिर बंद झालं आणि ईशान दोन बॅगा घेऊन घरी आला. मला पाहून वाकून नमस्कार केला, मग आठवलं म्हणून दोन पावलं मागे सरला. खांदे रुंद झाले होते, चेहरा मात्र आजारातून उठल्यासारखा. जेवताना समीरने पहिला प्रश्न केला, "स्पीड किती आहे आता?"

"सेम," ईशान म्हणाला आणि आमटी वाढून घेतली.

बॉसमध्ये

गावाच्या कडेला एक प्रचंड जंगल आहे. तिथले लोक त्याला नुसतं 'बॉस', म्हणजे जंगलच, म्हणतात. प्रत्येक झाड माणसांनी लावलेलं आहे म्हणे. त्या लोकांनी समुद्र हटवून जमीन काढली आणि मग जंगलही स्वतःच लावलं, देवाला फारसं काही करू दिलेलं नाही. तिथे ईशान रोज सरावाला जायचा. अमेरिकेतल्या प्रशिक्षकाने दर आठवड्याला व्हिडिओ मागितला होता. पण समोर चेंडू पकडायला कुणी नको का? मित्र येऊ शकत नव्हते. दीड मीटरचं अंतर राखायचं, फक्त एका घरातल्या माणसांना सूट. समीरची कंबर दुखते. मेधाला चेंडूची लहानपणापासून भीती, तिच्या चष्म्यावर माझाच चेंडू बसला होता.

"मामा कीपर आहे ना?" ईशान म्हणाला.

आहेच. जिल्हा पातळीपर्यंत यष्टिरक्षण केलंय आणि अजून रविवारी क्लबकडून उभा राहतो. पन्नाशीला एक वर्ष कमी होतं, गुडघे बरे होते. शिवाय तीन आठवडे घरात बसून मी मेधाच्या फोडणीवर सूचना करायला लागलो होतो, त्यामुळे तिनेच मला बाहेर काढलं.

ईशानने मला एक जाड हातमोजा दिला, फक्त डाव्या हाताचा. तोंडाला जाळी, छातीला कवच. मी दुकानदार, त्यामुळे आधी चेंडू हातात घेऊन पाहिला. पांढरं कातडं, दोन तुकडे एकमेकांत अडकवलेले आणि लाल टाका नागमोडी फिरलेला. शिवण सुरेख होती. मग त्याने पाच कोनांची एक पांढरी रबरी पाटी जमिनीवर ठेवली आणि मला तिच्यामागे उकिडवं बसवलं. पुढे स्टंप नाहीत, फलंदाज नाही. बावीस यार्डांपेक्षा जरा कमी अंतरावर भाचा उभा. धावत येणं नाही. एक पाय पोटाशी घेतला, कोपर वाकवलं आणि चेंडू सरळ फेकला.

"अरे, तू तर फेकतोयस!" मी ओरडलो.

"मामा, फेकायचंच असतं."

मला माहीत होतं हो. पण तीस वर्षं ज्या कोपराकडे बोट दाखवून मी पंचांशी भांडलो, ते कोपर डोळ्यांसमोर वाकताना बघवेना. आणि टप्पा नाही! प्रत्येक चेंडू फुलटॉस. चेंडू शिट्टी वाजवत येतो आणि हातमोज्यात असा आदळतो की हात खांद्यापर्यंत झिणझिणतो. हा म्हणे त्याचा अर्धा जोर होता. पूर्ण जोराचे चेंडू तो झाडांना बांधलेल्या जाळीत टाकायचा, माझ्यावर दया करून.

पहिले काही बरे आले. मग एक माझ्या डोक्यावरून गेला. पुढचा डावीकडे, हातभर लांब. त्यापुढचा पाटीच्या अलीकडेच जमिनीत. मी कीपर, माझ्या मागे चेंडू जाणं म्हणजे बाय, बाय म्हणजे माझी अब्रू. मी उडालो, लोळलो, कवचासकट चिखलात पडलो, पण चेंडू सोडला नाही. वर प्रत्येक वेळी "शाब्बास, वेल बोल्ड!" सुद्धा म्हटलं. यष्टिरक्षकाने गोलंदाजाला खचू द्यायचं नाही, हे आमचं शिक्षण.

"मामा, हलू नकोस!" ईशान शेवटी ओरडला.

"अरे, मग तो मागे जाईल."

"जाऊ दे. मी जिथे मारायचा तिथे मारला नाही. तू धावून पकडलास की मला कळतच नाही किती चुकला."

मला हे पटेना. आमच्याकडे मागचा माणूस पुढच्याच्या चुका झाकतो, तेच तर त्याचं काम. इथे मागच्या माणसाने लक्ष्य म्हणून नुसतं बसायचं. मी बसून पाहिलं, पण चेंडू निघाला की माझे पाय आपोआप हलत. सुंभ जळला तरी पीळ जात नाही. आठवड्याचा व्हिडिओ गेला आणि अमेरिकेतून उत्तर आलं. ईशानने ते वाचून दाखवलं: खांदा लवकर उघडतोय, पाऊल आडवं पडतंय, बोटं चेंडूच्या बाजूला सरकताहेत आणि कॅचरला, म्हणजे मला, स्थिर बसायला सांग. शेवटचं वाक्य वाचताना तो गालात हसला. तो आल्यापासून मी त्याला प्रथमच हसताना पाहत होतो, त्यामुळे मला अपमान वाटला नाही.

एकदा सायकलवरून पालिकेचा माणूस आला, अंतराचा नियम मोडणाऱ्यांना पावत्या फाडणारा. मी तोंडावरची जाळी काढली, हात जोडले आणि इंग्रजीतून सुरू झालो, की मी भारतातून आलोय, विमानं बंद आहेत, हा माझ्या बहिणीचा मुलगा, आमच्यात मामा म्हणजे वडिलांच्या जागी. तो माणूस गोंधळून ईशानकडे पाहू लागला. ईशान डचमध्ये एवढंच म्हणाला की आम्ही एका घरात राहतो. झालं, संपलं. त्या देशात गयावया केली की लोकांना उलट संशय येतो. तो गृहस्थ मग सायकलला टेकून सराव पाहत राहिला आणि जाताना विचारून गेला, "किती वेगाने टाकतोस?"

घरी परतताना ईशान म्हणाला, "सगळे तेच विचारतात." मीही सकाळी तेच विचारलं होतं.

एप्रिल गेला. राजाच्या वाढदिवशी लोकांनी घराघरांच्या दारात उभं राहून गाणं म्हटलं. समोरच्या आजीबाईंनी नारिंगी टोपी घालून आम्हाला केक दिला, काठीला पिशवी बांधून, अंतर राखून. मेधाने त्याच पिशवीत करंज्या परत पाठवल्या. बाईंनी त्या सुरी-काट्याने खाल्ल्या, आम्ही खिडकीतून पाहिलं.

ईशानचं काही सुधारत नव्हतं. आणि मला समजत नव्हतं की बिघडलंय काय. मी चेंडू परत टाकला की गप्पा मारता मारता तो सहज माझ्याकडे फेकायचा, तो नेमका माझ्या हातात. "हं, आता खरा," म्हणून पाय उचलला की पुन्हा भलतीकडे. एकदा बाकावर बसून डबा खाताना मी विचारलं, "हे कधीपासून?"

"लास्ट समर." त्याने थालीपिठाचा तुकडा मोडला, पण खाल्ला नाही. "पहिला कोच म्हणाला हात वर घे. तो बदलला. दुसरा म्हणाला खाली. मग कॉम्प्युटरवर दाखवलं की दोन्ही चूक. आता हा सांगतो पाऊल. मी हात उचलतो ना मामा, तर डोक्यात चार जण एकदम बोलतात."

"एक ना धड, भाराभर चिंध्या," मी म्हणालो. त्याला ती म्हण समजावून सांगावी लागली. पण तिकडे बसून व्हिडिओवरून शिकवणारा माणूस मला उंटावरून शेळ्या हाकणाराच वाटत होता. मी म्हणालो, त्याला सांग, एकच काय ते ठरवा. ईशान म्हणाला, असं सांगता येत नाही. सांगणाऱ्याची फाइल बंद होते. मी उरलेलं थालीपीठ त्याच्यापुढे सरकवलं. माझ्या मनात एकच धडकी, की हे क्लबवाले त्याला सोडून देणार. हाताशी आलेला पोर, आईबापांनी दहा वर्षं घातलेली, आणि हे दोन मिनिटांत सोडून देणार. मी रोज देवापुढे त्याच्यासाठी हात जोडत होतो, मेधाही जोडत होती, फक्त आम्ही एकमेकांना सांगत नव्हतो.

फोन

मेच्या अखेरीस बातमी आली की क्लब पोरं कमी करताहेत. खालच्या संघांचा हंगाम होण्याची चिन्हंच नव्हती. ईशानचा तिथला खोलीतला सोबती रिशॉन, कुरासाव बेटावरचा, आमच्याशी एकदा फोनवर बोलला होता. ईशान सांगे की रिशॉन चेंडू सुईत ओवेल असा नेमका टाकतो, फक्त जोर कमी. त्याला पहिल्याच दिवशी सोडलं.

ईशानला फोन संध्याकाळी आला. आम्ही तिघं स्वयंपाकघरात उभे, तो मागच्या अंगणात. मेधाने गॅस बंद केला, म्हणे आवाज नको. समीर काचेतून पाहत होता. खरोखर दोनच मिनिटं. ईशान आत आला आणि म्हणाला, "ठेवलं."

मग काय विचारता! समीरने मला मिठी मारली, अंतरबिंतर विसरून. मेधा रडायला लागली आणि रडतच रवा भाजायला घेतला. समीरने पुण्याला आईवडिलांना फोन लावला आणि मोठ्याने सांगितलं, "त्याच्या स्पीडमुळे ठेवलं हो, नेम काय, शिकवता येतो म्हणतात!" हे ऐकून मी विचारात पडलो. म्हणजे नेमका टाकणाऱ्याला सोडलं आणि भरकटणाऱ्याला ठेवलं? आमच्याकडे उलटं असतं. पण म्हटलं, आपला पोर राहिला ना, झालं तर.

शिरा वाढून घेतला तर ईशान टेबलावर नाही. मी वाटी घेऊन सायकलींच्या खोपटात गेलो. तिथे तो पालथ्या खोक्यावर बसला होता.

"घे, गरम आहे," मी म्हणालो. "देवाची कृपा. नाही सोडलं."

"मामा," तो म्हणाला, "मला वाटलं होतं सोडतील."

"तेच तर. मला पण वाटलं होतं. वाचलास."

"नाही." त्याने वाटी घेतली नाही. "मला पाहिजे होतं. रिशॉन आज हसत होता फोनवर. खरं खरं हसत होता. त्यांनी सोडलं असतं तर बरं झालं असतं. आता मला सोडावं लागणार."

खोटं कशाला सांगू, मला आधी रागच आला. जिल्ह्याच्या वर माझं नाव कधी गेलं नाही. दर वेळी यादी लागायची आणि मी ती दोन-दोनदा वाचायचो. मला आयुष्यात कुणी 'ठेवलं' म्हटलं नाही आणि या पोराला ठेवलं तर ते नको होतं! लाडावलेलं पोर, असं मनात आलं. मग त्याचा चेहरा पाहिला. मार्चमध्ये आला तेव्हा दिसला तसाच होता. मी ज्या फोनसाठी देवाला साकडं घातलं, तो या पोराला नको होता, आणि मी दोन महिने रोज त्याच्यासमोर बसून मला हे दिसलं नव्हतं. मला स्वतःचाच राग आला आणि गोंधळही उडाला, की आता देवाला काय सांगायचं.

"तू बाबांना सांगशील?" त्याने विचारलं. मामाकडे भाचा आणखी कशासाठी येतो? मी हो म्हणालो.

आणि सांगू शकलो नाही. दुसऱ्या दिवशी जेवताना मी "समीर, जरा बोलायचं होतं" म्हणून सुरुवात केली आणि बोललो ते सरकारने आपल्या लोकांना आणायला सोडलेल्या विमानांबद्दल. ईशान ताटात पाहत होता. त्याच्या पुढच्या दिवशी मी हवामानावर बोललो. तिसऱ्या दिवशी ईशानने स्वतःच चमचा खाली ठेवला.

मराठीत सुरू केलं त्याने. "बाबा, मला परत जायचं नाहीये." मग शब्द पुरेनात म्हणून डचमध्ये गेला आणि बराच वेळ बोलला, न थांबता, न रडता. मला एक अक्षर कळलं नाही. मेधाने तोंडावर हात ठेवला एवढं दिसलं. मी तिला हळूच विचारलं, "काय म्हणतोय?" ती म्हणाली, "डेल्फ्टला, इंजिनिअरिंगच्या विद्यापीठात, अर्ज करायचा म्हणतोय. आणि म्हणतोय, तुम्ही वाईट वाटून घेऊ नका."

समीर त्याच्याकडे पाहत राहिला. "नक्की?"

"हो."

समीर उठला आणि कचऱ्याची पिशवी बाहेर ठेवून आला. कचऱ्याची गाडी दुसऱ्या दिवशी येत नव्हती, हे मलाही एव्हाना पाठ झालं होतं.

विमानतळाकडे

जूनमध्ये परतीच्या विमानात माझा नंबर लागला. निघण्याच्या सकाळी ईशान म्हणाला, "चल, थोडं फेकू." आम्ही अंगणातच उभे राहिलो, हातमोजे नाहीत, जाळी नाही, मऊ चेंडू. मी विचारलं, मग आता काय, खेळ संपला? म्हणाला, माहीत नाही, गावातल्या क्लबात खेळेन कदाचित, फर्स्ट बेसला. ती कुठली जागा, हे मला अजून नीट माहीत नाही. मेधाने डोळे पुसले आणि वाटेत खायला पोळीभाजी दिली. आजीबाईंनी खिडकीतून दोन्ही हात हलवले.

गाडीत समीर आणि मी दोघंच. त्याचं मौन आठवडाभर चाललं होतं. ईशानशी तो नीट बोलत होता, अर्ज भरायला मदतही केली, पण बाकी शांत. रस्ता रिकामा होता. दोन्ही बाजूंना सरळ कालवे आणि हिरवी शेतं, गाई निवांत बसलेल्या. मी काहीतरी चांगलं बोलावं म्हणून म्हणालो, "मुलगा धीराचा आहे. मी त्याच्या वयाचा असतो तर बापाला तोंड दाखवलं नसतं."

समीरने मान हलवली. मग म्हणाला, "दादा, तुम्ही रोज त्याच्याबरोबर होता. एक सांगा. त्याला हे कधीच आवडत नव्हतं, की मधेच आवडेनासं झालं?"

मी खूप विचार केला. थालीपिठाचा डबा आठवला, मी चिखलात पडलो तेव्हाचं त्याचं ओरडणं आठवलं. त्यातून काहीच हाताला लागलं नाही. "मला नाही सांगता येत," मी म्हणालो. "खरंच नाही."

विमानतळाचा फाटा मागे गेला होता. पुढच्या पुलावरून वळून परत यावं लागलं. समीरने दोन्ही हात चाकावर घट्ट धरले होते आणि तो समोर पाहत होता.

"दर शनिवारी मी त्याच्या मैदानावर होतो हो, दादा," तो म्हणाला. "पाऊस असो, बर्फ असो. दर शनिवारी तिथेच बसलो होतो."